कानात वाचलेला धडा

दानम्माबाईंच्या पाचवीच्या वर्गात एक रीत होती. ज्याला वाचता येत नाही, त्यानं पुस्तक घेऊन टेबलाशी यायचं आणि बाईंच्या कानात वाचायचं. बाकीचा वर्ग पाढे म्हणत राहायचा. अडलं, चुकलं, ते पोर जाणे आणि बाईंचा कान जाणे.

आयत तीन महिने अशीच येत होती. पहिलीचं पुस्तक दप्तराच्या तळाशी, पाचवीच्या पुस्तकांखाली दडवलेलं. पहिल्या दिवशी तिनं विचारलं होतं, "बाई, कुणाला सांगणार न्हाई न्हवं?"

"माझ्या कानाला तोंड न्हाई गं," बाई म्हणाल्या होत्या.

मग शाळेत तो चष्मा आला. दिसायला साधा, दांडीत बारीकसा कॅमेरा. कुण्या संस्थेनं चाचणीला पाठवलेला. मुख्याध्यापक गुरुशांत सर म्हणाले, "बाई, तुमचा वर्ग तुमच्याच डोळ्यांनी बघायचाय लोकांना. घाला आणि विसरून जा."

बाई खरंच विसरल्या. फळ्यावर भाकरी काढून अपूर्णांक शिकवले, पोरं रंगून गेली. मग सवयीनं एकेकाला टेबलाशी बोलावलं. आयत आली, ओणवी झाली, कानाशी कुजबुजून गेली.

शाळा सुटल्यावर बाईंनी ते चित्रण मोबाइलवर पाहिलं. शेजारच्या वर्गात गाण्याची तालीम चालली होती, म्हणून आवाज बंद ठेवून. आपलाच खडू धरलेला हात, पोरांचे उजळलेले चेहरे. आयत नुसती जवळ येऊन ओणवी होताना दिसली. चष्म्याला डोळा असतो एवढंच बाईंनी धरलं होतं. कानही असतो, हे ध्यानातच आलं नाही. कौतुकाच्या भरात त्यांनी ते पालकांच्या ग्रुपवर टाकून दिलं.

सकाळी फाटकातच वर्गातल्या एजाजनं आयतसारखा बारीक आवाज काढला, "क... म... कम... ळ." पोरं फिदीफिदी हसली. बाईंनी तिथंच मोबाइल काढून ते चित्रण आवाजासकट ऐकलं. ग्रुपवरून त्यांनी ते पुसलं खरं, पण तीस घरांत शिरलेला आवाज माघारी कसा बोलवायचा?

दोन दिवस आयतची जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेकडे बघून हजेरी घेणं बाईंना जड गेलं. तिसऱ्या दिवशी ती आली. बाईंनी बोलावलं, तर टेबलाशी येईना. जागेवरच उभी राहिली.

"मी हितूनच वाचते, बाई. समद्यांनी ऐकलंच हाय की."

आणि ती मोठ्यानं वाचत सुटली. अडखळत, चुकत, मान ताठ ठेवून. कुणी हसलं नाही. एजाज बाकाकडे बघत बसला.

दारातून गुरुशांत सरांनी टाळी वाजवली. "बघा, चष्म्यानं पोरीची भीड मोडली. हेच लिहून पाठवू संस्थेला."

"नको सर," बाई म्हणाल्या. "तिला न विचारता तिचा आवाज मी गावभर वाटला. लिहायचंच तर ते लिहा."

सर वळून आपल्या खोलीकडे गेले.

मधल्या सुट्टीत बाई आयतच्या बाकावर, तिच्याशेजारी जाऊन बसल्या. "चुकलं गं माझं."

"अब्बा म्हणले, बाईनं मुद्दाम केलं नसंल."

"मुद्दाम न्हाई केलं. पण केलं मीच."

आयत चपातीचा तुकडा मोडत राहिली. मग म्हणाली, "नानीला वाटायचं, मला समदं वाचता येतं. रोज सांजच्याला पेपर म्होरं करायची. मी वाचायची, माझ्या मनानंच."

"काय वाचायचीस?"

"उजनी धरण भरलं म्हणून. उद्यापास्नं नळाला रोज पाणी म्हणून. लई खूश व्हायची नानी."

"आणि आता?"

"मोबाइलवर ऐकल्यापास्नं पेपराची घडीच मोडत न्हाई. वाच म्हणतच न्हाई ती."

घंटा झाली. पोरं आत आली, जागेवर बसली, वह्या काढून वाट बघू लागली. बाई काही त्या बाकावरून उठल्या नाहीत.