चाळिसात एक्केचाळीस

प्रयोगशाळेत तिला सगळे कळलावी म्हणत, आणि त्यात कुणाचंच काही चुकत नव्हतं. धडधाकट प्रोग्रॅममध्ये मुद्दाम चुका पेरायच्या, मग चाचण्या त्यातल्या किती पकडतात ते मोजायचं, हाच तिच्या पीएचडीचा विषय. जितक्या पकडल्या तितक्या चाचण्या चांगल्या. लोक असली कामं गुपचूप करतात. ही हजेरीपटावर सही करून करायची.

चार वर्षांतला पहिला शोधनिबंध पाठवायची मुदत आज संध्याकाळी पाचला संपत होती. फक्त मार्गदर्शक सरांची सही बाकी होती. तीन वाजता तिने शेवटचा आकडा काढला. पेरलेल्या चुका चाळीस. सापडलेल्या एक्केचाळीस.

तिने पुन्हा मोजलं. मग बोटांवर मोजलं. मग बोटं मोजली.

शेवटी पेरलेल्या चाळीसच्या चाळीस उपटून टाकल्या आणि चाचण्या परत चालवल्या. एक चूक तरीही ढिम्म बसून होती. म्हणजे ती घरचीच. आणि घर सरांचं! परीक्षेला कुणी कुठल्या खोलीत बसायचं ते ठरवणारा हा प्रोग्रॅम त्यांनी अठरा वर्षांपूर्वी स्वतः लिहिला होता. मोजणी एकाने चुकायची, त्यामुळे शेवटचा विद्यार्थी एक खोली पुढे सरकायचा. पुढची खोली म्हणजे मोडक्या खुर्च्यांचं गोदाम.

"मामा, गोदामात कधी कुणी परीक्षेला बसलंय?" तिने शिपाईमामांना विचारलं.

"दर वर्षी एक जण. मी आधीच बाक टाकून ठेवतो, जळमटं काढतो. मला वाटलं, मान असतो तो."

ती मामांनाच साक्षीला घेऊन सरांच्या खोलीत गेली. एकशे दोन पूर्णांक पाच दशांश टक्के, हा आकडा बघून सरांनी चष्मा पुसला.

"हे टक्के आहेत की ताप?"

"सर, त्यातली एक चूक माझी नाही."

"मग कुणाची?"

तिने छताकडे बघितलं. मामांनीही बघितलं, त्यांना वाटलं, वर कुणीतरी आहे. सरांनी मात्र कागद वाचला आणि त्यांचे कान हळूहळू लाल झाले.

"याला चूक नाही, परंपरा म्हणतात. अठरा वर्षांत एकाची तरी तक्रार आली?"

"गोदामातलं कुणी नापासही झालेलं नाही," मामा अभिमानाने म्हणाले.

"ऐकलंस? असं कर, एक्केचाळिसावीही तूच पेरलीस असं लिही. शंभर टक्के. लगेच सही करतो."

साडेचार झाले होते. हो म्हटलं की सुटका होती. पण कुठली चूक कुणी केली, याचा प्रामाणिक हिशेब हेच तर तिचं सगळं संशोधन.

"सर, मी तेव्हा तिसरीत होते."

तिने तक्त्यात शेवटची ओळ लिहिली: 'चूक ४१. करणारे: मार्गदर्शक. कशी: नकळत.' आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. चार वर्षं त्या कागदाबरोबर सरकली.

सरांनी पेन उघडलं आणि 'नकळत' खोडलं. तिला वाटलं, आता अख्खी ओळ जाणार. पण त्यांनी वर बारीक अक्षरात लिहिलं: 'घाईत. परीक्षा दुसऱ्या दिवशी होती.' खाली सही केली.

"बघत काय बसलीस? पाठव. चाळिसात चाळीस लिही, माझी वेगळी दाखव." ती दारापर्यंत पोचल्यावर ते पुन्हा म्हणाले, "ठळक अक्षरात नको."