टेपाचा पहिला मीटर

पोलादी टेप एका मीटरच्या खुणेपाशी तुटला होता, आणि तुटलेल्या कडेवर नखाएवढा गंज चढला होता. पहिला मीटर गायब, बाकी टेप उत्तम. मोजून झाल्यावर आकड्यातून एक वजा करायचा, एवढंच. स्टेडियमची आखणी करणाऱ्या चुनेकाकांनी अकरा वर्षं तो न चुकता वजा केला. फक्त एकदा विसरले.

फुटबॉलचा हंगाम संपला की धावपट्ट्या नव्याने आखायच्या, ही इथली रीत. तीन वर्षांपूर्वी काकांनी टेपावर शंभर वाचलं आणि तिथेच अंतिम रेषा ओढली. त्या रेषेवर त्यांचीच मुलगी पहिली आली. बारा सेकंद एकतीस शतांश. जिल्ह्याचा विक्रम. तिकीटखिडकीशेजारच्या भिंतीवर तो आकडा रंगवला, तोही काकांनीच.

पुढच्या हंगामात नवा टेप आला आणि जुनी खूण नव्याण्णववर भरली. काकांनी रेषा गुपचूप एक मीटर पुढे नेली आणि तोंडाला कुलूप लावलं.

तेव्हापासून मुलगी मागे पडली. बारा त्रेचाळीस. बारा पंचेचाळीस. तिच्या प्रशिक्षक सरांनी सराव दुप्पट केला, तिने जेवण निम्मं केलं. सर सगळ्यांदेखत म्हणायचे, "विक्रम करून झाला, आता फिरायला येतेस का?" ती हसायची. काका रोज ठरवायचे, आज सांगू. मग भिंतीवरचा आकडा दिसायचा आणि ते चुन्याची गाडी पुढे ढकलायचे.

आज दुपारी ते गोलपोस्टपाशी चुना ओढत होते. सरावाला आलेला गोलरक्षक ओरडला, "काका, रेषा जरा मागे घ्या ना! तुमच्या हातात आहे सगळं!"

एरवी काकांनी त्याला चोख उत्तर दिलं असतं. आज ते चुन्याची गाडी तिथेच सोडून सामानखोलीत गेले.

मुलगी अडथळ्यांच्या ढिगावर बसून नडगीवर घट्ट पट्टी गुंडाळत होती. शेजारी एक्स-रेचं पाकीट पडलं होतं.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"हाडाला चीर आहे. तीन महिने धावायचं नाही म्हणे."

"आणि रविवारची निवड चाचणी?"

"धावणार."

"अगं, हाड मोडेल."

"मोडू दे." तिने पट्टीचं टोक दातांत धरून ताणलं. "बाबा, मी बारा एकतीस धावलेय. ते याच पायांत आहे. मीच कुठेतरी कमी पडतेय. सर म्हणतात ते खरंय, मी आळशी झालेय."

तिच्या पोटऱ्या काठीसारख्या झाल्या होत्या. काकांनी वर फळीवर हात घातला, जुन्या जाळ्यांमागून तुटका टेप काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"हा कशाला?"

"याचा पहिला आकडा वाच."

"एक." तिने मान वर केली. "शून्य कुठंय?"

बाहेर शिट्टी वाजली. काकांनी चुन्याने पांढरे झालेले हात पँटला पुसले; ते पुसले जाईनात.

"तू कमी पडली नाहीस, पोरी," ते म्हणाले. "त्या दिवशीची धावपट्टी नव्याण्णव मीटरची होती. मी चुकीची आखली होती. बारा एकतीस तू कधी धावलीच नाहीस."