ताईबाईचं गाव

अमृतलाल शेठनी पाकिटातली लाल टिकली सोडवली आणि फळ्यावर चंद्रकांताच्या नावापुढे अंगठ्याने दाबून बसवली. तिची रांग आता चौकटीला भिडली होती. झुंबरबाईच्या नावापुढे जेमतेम दोन टिकल्या, त्यातली एक तर शेठनी दयेपोटी दिलेली.

स्टेशनामागच्या त्या निवारागृहात बेघर माणसं येत, जेवत, निजत. ते जनगणनेचं वर्ष होतं, आणि निवारा चालवणाऱ्या शेठनाही माहितीचं वेड लागलं होतं. प्रत्येकाचं एक कार्ड करायचं: नाव, गाव, घरी कोण. कार्ड पूर्ण भरलं की भरणारीला एक टिकली. माहिती असली तर माणूस घरी पोचवता येतो, असं ते म्हणत. टिकलीची युक्ती ते मुंबईच्या कुठल्याशा शिबिरातून शिकून आले होते, आणि ती लागू पडली होती हे कबूल करायला हवं.

झुंबरबाई इथे पहिल्या दिवसापासून कामाला होती. म्हाताऱ्यांच्या उवा तिने काढल्या, अंथरुणं तिने धुतली. पण "गाव कोणतं?" असं तिने विचारलं की समोरचं माणूस गप्प. आणि ही चंद्रकांता, पेठेतल्या कापडवाल्याची बी.ए. झालेली पोर, आज आली न् उद्या मिरवायला लागली. केसांना तेल लावता लावता ती विचारी, "तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी भरायचा?" गाव सांगायला लाजणारे, विसरलेलेसुद्धा बाजाराचा वार चटकन सांगत. वारामागून मग देऊळ निघे, नाला निघे, भाऊबंद निघत. झुंबरबाईच्या पोटात दुखे. आपल्याला हे सुचलं नाही याचं तिला फारसं काही नव्हतं. चंद्रकांताला सुचलं, हे सोसत नव्हतं.

चंद्रकांता एका नातलगाच्या लग्नाला म्हणून धुळ्याला गेली, तशी झुंबरबाई तेलाची बाटली घेऊन ताईबाईपाशी बसली. या एका म्हातारीचं कार्ड चंद्रकांतालाही भरता आलं नव्हतं.

"आजी, बाजार कोणत्या वारी भरे?"

"शनवारे."

"गावात केळी होत्या का वं?"

"व्हत्यात."

"डोंगर दिसे?"

"दखाये."

"मग रावेर का?"

ताईबाईने मान हलवली. जेवू घालणाऱ्याला ती कशालाच नाही म्हणत नसे. शिवाय तिची बोली धुळ्याकडची होती. रावेरकडे असं कुणी बोलत नाही, हे त्याच भागातल्या असोद्यात वाढलेल्या झुंबरबाईला चांगलं कळत होतं. तरी तिने कार्डावर रावेर लिहिलं, घरी पुतण्या आहे असंही लिहिलं, आणि टिकली मिळाल्यावर दिवसभर येता-जाता फळ्याकडे पाहत राहिली.

पण शेठ कार्डं नुसती भरून घेत नव्हते, वाचतही होते. सोमवारी रावेरला केळी भरायला निघालेला एक रिकामा ट्रक त्यांनी दाराशी थांबवला.

झुंबरबाई अंगणात आली तेव्हा ताईबाई नवं लुगडं नेसून पायरीवर बसली होती. मांडीवर गाठोडं होतं. जाणाऱ्या-येणाऱ्याला ती हाक मारून सांगत होती, "मी रावेरनी शे." तिला कुणी कधी हसताना पाहिलं नव्हतं; आज ती हसत होती.

"शेठ, घर नाही सापडलं तर?" झुंबरबाईने विचारलं.

"आपले आडते आहेत तिथे, शोधतील. आणि गाव तर तिचंच आहे ना, कुणीतरी ओळखेल."

तेवढ्यात धुळ्याहून परतलेली चंद्रकांता फाटकातून आत आली. सगळं ऐकून ती झुंबरबाईकडे वळली.

"मला ती रोज वेगळं गाव सांगायची, अक्का," ती म्हणाली. "एकदा नशिराबाद, एकदा चोपडा. म्हणून मी ती जागा कोरी ठेवली. खरं गाव तिने तुम्हालाच सांगितलं."

बोलताना तिची नजर फळ्याकडे गेली आणि ओठ किंचित आवळले गेले. झुंबरबाईला ते ओठ ओळखता आले. हेच बघण्यासाठी ती महिनाभर तळमळली होती, आणि आता बघवत नव्हतं.

ड्रायव्हरने केबिनचं दार उघडलं. ताईबाई उठली. झुंबरबाईने पुढे होऊन तिच्या हातातलं गाठोडं धरलं.

"शेठ, हिला पाठवू नका. रावेर तिने नाही सांगितलं. मी सांगितलं, तिने मान हलवली. पुतण्याही मीच लिहिला."

चंद्रकांताने मान खाली घातली. बोलली ती ताईबाई, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणाशी भांडल्यासारखी बोलली.

"खोटं बोलस हाई. मन्हं गाव सापडनं, ते इले देखावत नही. जळस मन्हावर." तिने गाठोड्याला हिसडा दिला. "सोड वं माय."

शेठ एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहू लागले. ड्रायव्हर हसला. झुंबरबाईने गाठोडं सोडलं नाही.