वीस पावलांवरचा आवाज

बद्रीनाथांनी आयुष्यभर कॉलेजच्या प्रयोगशाळेत मोजमापच केलं. निवृत्तीनंतर आवाज मोजायचं एक छोटं यंत्र त्यांनी हौसेनं घेतलं आणि गारखेड्याच्या गल्लीत ते ‘डेसिबलवाले आबा’ झाले.

धाकट्या शिवमचं लग्न ठरलं, तेव्हा डीजे लावायचा नाही, असं त्यांनी घरात सांगून पाहिलं. शिवमनं चार दिवस तोंड फुगवलं. आबांच्या पत्नी मनकर्णाबाईंनीही मुलाचीच बाजू घेतली. सगळ्यांच्या वराती वाजतात, आपलीच मुकी काढायची का, असं त्यांचं म्हणणं. शेवटी आबांनी मधला मार्ग काढला: मी मोजेन, यंत्र बरं म्हणेल तेवढाच आवाज.

वरातीच्या दिवशी दुपारी डीजेचा टेम्पो आला. आबांनी वडीलधाऱ्यांच्या खुर्च्यांजवळ, भिंतीसारख्या रचलेल्या स्पीकरांपासून वीस पावलांवर उभं राहून मोजलं. शहाऐंशी डेसिबल. वस्तीत दिवसा पंचावन्नच्या वर जायचं नाही, हा नियम त्यांना तोंडपाठ होता. पण सोयगावचे पाहुणे बघत होते आणि शिवम तोंडाकडे टक लावून उभा होता. आबांनी मान हलवली.

शिवमला सख्खी बहीण नाही, म्हणून थोरल्या भावाची प्रेरणा करवली झाली होती. दहा वर्षांची पोर, नव्या परकरात मिरवत होती. दोन्ही हातांत पाण्यानं भरलेला कलश. तो खाली टेकवला तर अपशकुन, हे आजीनं तिला दहादा बजावलं होतं.

वरात निघाली. पुढच्या वळणावर टेम्पो अडकला, मागून नवरदेवाची घोडी आली, नाचणारी पोरं दाटली आणि त्या गर्दीत प्रेरणा ढकलली गेली ती थेट स्पीकरांना खेटून. उजवा कान त्या स्पीकरांच्या भिंतीकडे.

मागून येणाऱ्या आबांनी ते पाहिलं. अंतर निम्मं झालं की सहा वाढतात, हे त्यांना झोपेतही आलं असतं. वीस पावलं, शहाऐंशी. दहावर ब्याण्णव. पाचवर अठ्ठ्याण्णव. अडीचवर एकशेचार. सव्वावर एकशेदहा. खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्यांच्या अडीचशे पट जोर त्या एवढ्याशा कानावर पडत होता. यंत्र बरोबर होतं, मोजायची जागा चुकली होती.

ते ओरडले. त्यांना स्वतःलाच ऐकू आलं नाही. हातवारे करून त्यांनी कान झाकायला सांगितलं. पोरीला कळलं. तिनं कलशाकडं पाहिलं, मग आजीकडं, आणि डोळे घट्ट मिटून घेतले. हात तिनं काढले नाहीत. आबा गर्दीतून वाट काढून पोचेपर्यंत दोन गाणी संपली होती.

दुसऱ्या दिवशी प्रेरणा म्हणाली, कानात शिट्टी वाजते. आठवडाभर घरचे उपाय झाले. मग औरंगपुऱ्यातल्या कानाच्या डॉक्टरांनी तपासणी करून कागद पुढे ठेवला. उजव्या कानाची रेघ जवळजवळ सगळीच तळाशी कोसळली होती. आलेख वाचणं आबांना शिकवावं लागलं नाही. नस गेली होती, ती परत येणार नव्हती.

घरी शिवम खाली मान घालून बसला. मग म्हणाला, “पर आबा, तुमच्याच मशीननं पास केलं व्हतं.”

आबांनी डॉक्टरांचा कागद पुन्हा उघडला.

महिनाभरानं शेजारचे माऊली आले. मुलाचं लग्न होतं, डीजे बघितला होता. “आबा, तुमी मोजून द्या. मंग कुनी बोलनार नाय.”

“तुमची करवली कोन?” आबांनी विचारलं.

“तनुजा. माझी नात.”

“मग तिच्या कानाशी मोजतो, आन् आकडा समद्यांना सांगतो. चालंल?”

माऊली चहा अर्धा ठेवून उठले. लई शहाणपणा झाला, असं दारात पुटपुटले. डीजे यायचा तो आलाच. आबांनी पोलिसांना फोन केला. गाडी पाठवतो, असं उत्तर मिळालं. गाडी आली नाही.

खिडक्यांची तावदानं थरथरू लागली, तशी आबांनी धावत जाऊन कवाडं लावली. प्रेरणा गादीवर डाव्या कुशीवर पडून निवांत चित्र रंगवत होती. त्यांनी हाक मारली. तिनं मान वळवली नाही. जवळ जाऊन खांद्याला हात लावला तेव्हा ती हसली.

“आबा, मला युक्ती सापडली,” ती जरा मोठ्यानंच म्हणाली, हल्ली ती तशीच बोलते. “चांगला कान उशीत दाबला ना, की वरात ऐकूच येत नाय.”