रविवारची गोळी

कोल्हापुरात एखाद्याला औषधाचा गुण आला की ते औषध त्याचं राहत नाही, गल्लीचं होतं. कुणाचा खोकला थांबला की शेजारीण वाटी घेऊन दारात हजर. कुणाचे डोळे निवळले की त्याच बाटलीतले दोन दोन थेंब सगळ्या आळीच्या डोळ्यांत. आणि नाही म्हणून तर बघा! साखर नाही म्हटलेली माणसं विसरतील, औषध नाही म्हटलेलं सात पिढ्या लक्षात ठेवतील. विद्याश्रीला हे कळत नव्हतं असं नाही. जयसिंगपूरची पोरगी ती, गल्लीतच वाढलेली. पण तिच्या गोळीची तऱ्हाच वेगळी होती.

लक्ष्मीपुरीत तिच्या सासऱ्यांची, रुद्रय्यांची, लिंगायत खानावळ. गल्ल्यावर रुद्रय्या, वाढायला नवरा शिवकुमार आणि चुलीपुढं सासू मल्लव्वा. मल्लव्वाचा आवाज असा की ती आत "मीठ!" म्हणाली तर बाहेरचं गिऱ्हाईक दचकून मिठाकडं हात न्यायचं. अशा बाईला विद्याश्रीच्या भाकरीनं पहिल्याच आठवड्यात गप्प केलं होतं. पातळ, कडेला न चिरलेली, तव्यावरनं निखाऱ्यावर टाकली की टम्म फुगणारी भाकरी. मालाचे ट्रक घेऊन येणारे ड्रायव्हरसुद्धा विचारायचे, "आज धाकट्या बाईनं थापलीया न्हवं?"

आणि वर्षभरात त्याच हातांवर संक्रांत आली. सकाळी उठलं की मूठ मिटायची नाही. बोटांची पेरं सुजलेली, मनगटं तापलेली. तिची वेणी शिवकुमार घालायचा, तीही दार लावून, कारण बाहेर कळलं तर त्याच्या मिशीला कमीपणा. मल्लव्वा म्हणाली, "आमच्या काळात याला आळस म्हणायचे." तेल चोळून झालं, शेक झाला, निर्गुडीचा पाला बांधून झाला. शेवटी राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं, की हे म्हातारपणाचं दुखणं नव्हे, शरीरच आपल्या सांध्यांवर उलटलंय. वेळेवर औषध नाही घेतलं तर बोटं वाकडी होतील आणि मग सरळ होणार नाहीत.

बारीक पिवळ्या गोळ्या. तीन. आठवड्यातून एकदाच.

"एकदाच म्हणजे एकदाच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोज घेतलीस तर जिवावर बेतेल. महिन्याच्या महिन्याला रक्त तपासायचं, लिव्हर बघायचं. ताप आला, तोंडात फोड उठले, तर उद्या बघू म्हणायचं नाही, निघून यायचं. दुसऱ्या कुणाला एक गोळीसुद्धा द्यायची नाही." मग चष्मा काढून दोघांकडं बघत म्हणाल्या, "आणि ही चालू आहे तोवर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. पोटातलं मूल पडतं, राहिलं तर व्यंग घेऊन येतं. मूल हवं असेल तेव्हा आधी इथं यायचं. मी गोळी बदलेन, मग काही महिने थांबायचं, मग बघायचं."

विद्याश्रीनं रविवार धरला. रविवारी रात्री जेवून गोळ्या घ्यायच्या, सोमवारी दिवसभर मळमळायचं. सोमवारी खानावळ बंद, त्यामुळं भांड्यात तोंड घालून ओकारी काढली तरी गिऱ्हाईक बघायला नाही. चार महिन्यांनी मूठ मिटली. सहा महिन्यांनी परातीत पुन्हा भाकरी फिरली. त्या दिवशी ती मोरीत जाऊन रडली, आनंदानं, आणि का रडतीस म्हणून सासूच्या शिव्याही खाल्ल्या.

सगळं ठीक, पण पोटाची गोष्ट घरात कुणाला सांगितली नव्हती. "सांगू की सावकाश," असं शिवकुमार म्हणाला होता, आणि त्याचं सावकाश दीड वर्षं चाललं होतं. गडी स्वभावानं गरीब, आईपुढं तर साक्षात गाय. इकडं मल्लव्वा रोज चुलीपुढं बसून ऐकवायची, "झाडाला पाणी घालून घालून हात दुखलं, फळाचं नाव न्हाय." कुणाचं बारसं निघालं की विद्याश्रीला मुद्दाम मागं ठेवायची. विद्याश्री दात खाऊन गप्प बसे. तिला भीती एकच होती. खरं कळलं की ही बाई पहिली गोळी बंद पाडणार. गोळी गेली की हात जाणार. आणि हात गेलेल्या सुनेचं पुढं काय होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

श्रावण आला. नणंद पवित्रा पंचमीला माहेरी आली. कागलला दिली होती, लग्नाला आठ महिने झालेले. लाडकी, एकुलती. आल्या आल्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "अव्वा, हाताला मुंग्या येत्यात गं. सकाळी बोटं जड हुत्यात."

झालं! मल्लव्वाला एवढंच पाहिजे होतं.

सोमवार होता. खानावळीची फळी लावलेली, सगळ्यांना उपास, रुद्रय्या लिंगपूजा आटपून कपाळभर विभूती लावून झोपाळ्यावर. विद्याश्री कालच्या गोळ्यांनी मळमळत भिंतीला टेकून शेंगा सोलत होती.

"विद्या, तुझ्या त्या गोळ्या काढ," मल्लव्वा म्हणाली. "पवित्राला दे."

"त्या द्यायच्या न्हाईत, आत्ती. डॉक्टरीणबाईनी बजावलंय. तिला उद्या दाखवून आणू की, मी घेऊन जाती."

"दाखवायचं काय त्यात? तुजं बी हात, तिचं बी हात. तुला गुण आला, तिला येईल."

"तसं नसतंय ते. लई कडक गोळी हाय. आठवड्यातनं एकदाच घ्यायची असती."

"आठवड्यातनं एकदा?" मल्लव्वा हसली. "औषध हाय का सोमवारचा उपास? रोज घेतली असतीस तर दीड वरीस लागलं नसतं. पवित्राला रोज एक देऊया. पंचमी हुस्तवर ठणठणीत हुईल."

"आत्ती, रोज घेतली तर माणूस मरतंय!"

"माझ्या लेकीच्या तोंडावर मरणाचं नाव घेतीस?" आता आवाज थेट रस्त्यावर गेला. "सणाला आलीया पोर! एक गोळी मागितली तर जीव चाललाय हिचा!"

पवित्राचे डोळे भरले. "ऱ्हाऊ दे अव्वा. वैनीला मी परकीच."

हे असं असतं बघा. ओरडणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं, रडणाऱ्याला काय देणार? विद्याश्रीनं शिवकुमारकडं बघितलं. शिवकुमार पंख्याकडं बघत होता. जणू पंखा आताच कोसळणार होता आणि त्याच्यावाचून तो कोण धरणार!

तेवढ्यात मल्लव्वा उठली. फडताळ उघडलं, डबा काढला, पट्टीतली एक गोळी अंगठ्यानं फोडली आणि पवित्राच्या तळहातावर ठेवली. दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. "घे. शिव शिव म्हण आणि गिळ."

पवित्रानं हात तोंडाकडं नेला.

विद्याश्री कशी उठली ते तिचं तिला कळलं नाही. मांडीवरच्या शेंगा सगळीकडं उधळल्या आणि तिची चापट पवित्राच्या हातावर बसली, अशी सणसणीत, की गोळी उडाली, तांब्या उपडा झाला आणि पवित्रा किंचाळली. माहेरी सणाला आलेल्या लेकीवर सुनेनं हात उचलला. लक्ष्मीपुरीत असं कधी घडलं असेल तर कुणी सांगितलेलं नाही.

रुद्रय्या झोपाळ्यावरून उठले. वर्षाकाठी दहा वाक्यं बोलणारा माणूस. "शिवकुमार," ते म्हणाले, "हिला आत्ताच्या आत्ता जयसिंगपूरला सोडून ये."

"जाती की!" विद्याश्री म्हणाली. मळमळ कुठल्या कुठं गेली होती आणि डोकं तापलेल्या तव्यासारखं झालं होतं. "जाती. पण आधी हिला एक इचारती. पवित्रा, तुझी पाळी कवा आलीवती?"

घरात सासरा उभा, नवरा उभा. असला प्रश्न! मल्लव्वानं तोंडाला पदर लावला. "लाज सोडलीस का गं भवाने?"

"सोडली. हातात गोळी द्यायच्या आधी डॉक्टरीणबाईनी मला इचारलं, म्हणून मी हिला इचारती. ह्या गोळीनं पोटातलं मूल मरतंय, आत्ती. न्हाय मेलं तर लुळंपांगळं जन्माला येतंय. म्हणूनच दीड वरीस मी थांबलीया. तुमी चारचौघात मला वांझ म्हणालासा, मी ऐकलं. मी वांझ न्हाय. मी थांबलीया. सांग पवित्रा, कवा आलीवती?"

पवित्रा हात चोळत होती. आईकडं बघितलं, बापाकडं बघितलं आणि मग जमिनीकडं बघत पुटपुटली, "दोन महिनं झालं. सासूनं शपथ घातलीया, तिसरा सरंस्तवर कुणालाच बोलायचं न्हाय, दृष्ट लागती. आईला बी न्हाय."

मल्लव्वाचा तोंडावरचा पदर खाली आला. तीही आयुष्यभर हेच सांगत आली होती की तिसरा सरेपर्यंत बोलू नये. गल्लीतल्या कितीतरी सुनांना तिनं अशीच शपथ घातली होती. ती पाण्यानं भिजलेल्या फरशीवर बसून हात फिरवत गोळी शोधू लागली. सापडल्यावर ती चिमटीत धरून नुसती बघत राहिली. पवित्रा आता खरोखर रडत होती आणि विद्याश्रीनंच तिला जवळ घेतलं, ज्या हातानं मारलं त्याच हातानं. "लागलं का गं? लागू दे. मोरीत जाऊन तोंड धू, आणि उद्या तपासायला जाऊया. मुंग्या बी त्यामुळंच आल्या असतील."

आता वाटेल, मल्लव्वानं सुनेचे पाय धरले असतील. कसले हो! मल्लव्वा होती ती. श्वास जागेवर आला आणि तिनं डोळे वर केले.

"दीड वरीस माझ्या घरात खोटं चाललं," ती म्हणाली. "बंद कर ती गोळी. आजपासनं. मला नातू पायजे."

हेच ते. याच वाक्याला विद्याश्री दीड वर्षं भ्याली होती. आता ते समोर येऊन उभं राहिलं आणि नवल म्हणजे तिला भीतीच वाटली नाही. राग मात्र पायापासून डोक्यापर्यंत भरून आला.

"बंद करीन," ती म्हणाली. "मी म्हणीन तवा. डॉक्टरीणबाई म्हणतील तवा, रक्त तपासून, दुसरं औषध सुरू करून. तुमी म्हणालासा म्हणून न्हाय. पोरगं हुईल ते उचलायचं कुणी, आत्ती? वाकड्या बोटांनी? ह्या हातानी भाकरी थापून मी तुमची खानावळ चालवलीया. त्याच हातात माझं पोरगं मी घेणार हाय. पाळण्यात ठेवून लांबनं बघत बसायला मला पोर नको."

"आणि न्हाय ऐकलं तर?"

"तर जयसिंगपूरची गाडी मला म्हाईत हाय. गोळ्या घेऊन जाती."

पंख्याखालून आवाज आला. शिवकुमारचा. "मीच म्हणालो थांबूया, अव्वा. तिचं काय चुकलं न्हाय. ती गेली तर मी बी जाणार." दीड वर्षानं देवानं तोंड उघडलं! विद्याश्रीला वाटलं, याला मिठी मारावी की आधी दोन द्याव्यात. रुद्रय्या पुन्हा झोपाळ्यावर बसले आणि बायकोला म्हणाले, "फडताळ लाव." जयसिंगपूरचं नाव मग त्यांनी काढलं नाही.

पवित्राला दुसऱ्या दिवशी नेलं, तपासलं, पोट ठीक होतं. मल्लव्वा लेकीशी गोड बोलली, सुनेशी सहा दिवस एक अक्षर नाही. विद्याश्रीनंही पर्वा केली नाही. भाकरी थापायची आणि गप्प राहायचं, एवढं तिलाही येत होतं.

आठवडा गेला, रविवार आला. खानावळ भरलेली. आजवर ती गोळ्या आत, सगळे झोपल्यावर घ्यायची. त्या रविवारी तिनं आधी जेवून घेतलं आणि मग तांब्या घेऊन सरळ बाहेर आली. गिऱ्हाइकांच्या मधोमध उभी राहून तीन गोळ्या तळहातावर घेतल्या आणि गिळल्या. पेठ वडगावचा एक गूळवाला घास तोंडात धरून बघत होता. त्याला राहवलं नाही.

"कसली गोळी म्हणायची, वैनी? आमच्या मंडळीचं बी सांधं धरल्यात. एक दोन दिल्यासा तर..."

"सांध्याचीच हाय," विद्याश्री म्हणाली, चुलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "पण देणार न्हाय. तुमच्या मंडळीस्नी डॉक्टरकडं न्या, रक्त तपासा. ही घेतल्यावर दारू चालत न्हाय, रोज घेतली तर जीव जातोय आणि ही चालू हाय तवर पोरगं होऊ द्यायचं नसतंय. म्हणून आमी थांबलोय. माझ्या मनानं थांबलोय. आणि काय इचारायचं हाय, पावणं?"

गूळवाल्यानं मान हलवली. आतनं सहा दिवसांनी सुनेच्या शब्दाला जोडून मल्लव्वाचा आवाज आला, पहिल्यासारखाच, रस्त्यापर्यंत जाणारा.

"ऐकलंसा न्हवं पावणं? मग जेवा की गप!"