मोकळी केलेली गाडी

सकाळी आठ वाजता तपासणी केंद्राचं शटर वर गेलं, तेव्हा बाहेर नऊ पिकअप रांगेत उभ्या होत्या. ताईने निळा कोट चढवला, यंत्र सुरू केलं आणि पहिल्या गाडीला आत घेतलं. बारा वर्षांत हा क्रम बदललेला नव्हता. आधी सायलेन्सरच्या तोंडात नळी घालून धूर मोजायचा, मग बॉनेट उघडायचं, लांब दांडीला लावलेला छोटा आरसा इंजिनाच्या मागे सरकवायचा आणि प्रदूषण रोखणारा प्रत्येक भाग जागेवर आहे की नाही ते बघायचं. त्याशिवाय तिची सही होत नसे. ड्रायव्हर तिला मागून ‘आरसेवाल्या बाई’ म्हणत आणि समोर आली की अदबीने तोंडातलं पान थुंकून टाकत.

त्या गावात एक रीत पडून गेली होती. कोणी डिझेलची नवी पिकअप घेतली की ओळखीचे लोक आधी विचारत, “मोकळी केलीस का?” मोकळी करणं म्हणजे ईजीआर काढणं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराचा थोडा भाग परत इंजिनात नेणारी ही एक झडप आणि तिची नळी. तिच्यामुळे आतली आग जरा कमी तापते आणि विषारी वायू कमी तयार होतो. पण झडपेत काजळी साठते, गाडी चढाला कुरकुरते, मग ड्रायव्हर कंटाळतात. कोणीतरी म्हणालं, कंपनीने इंजिनाच्या तोंडाला फडकं बांधलंय, ते सोडून टाका. झालं. जो सोडत नसे तो भित्रा ठरू लागला. शिवाय या वायूला रंग नसतो. धूर मोजणारं यंत्र त्याला पकडत नाही. जे दिसत नाही त्याचं पाप कोणाला लागतं?

ताईने अशा कितीतरी गाड्या परत पाठवल्या होत्या. आरशात झडपेच्या जागी उघडं भोक दिसलं की ती कागद बाजूला सारायची. तिच्या धाकट्या भावाच्या वर्कशॉपमधून आलेल्या गाड्या मात्र नेहमी शाबूत असत. झडप जागेवर, नळी जागेवर, तारा जोडलेल्या. केंद्रात नव्याने लागलेल्या माणसांना ती अभिमानाने सांगे, काम कसं असावं ते बघा.

तो अभिमान तिने कमावलेला होता. वडील मिस्त्री होते. ते गेले तेव्हा भाऊ चौदा वर्षांचा होता. त्याच्या हातात कानस देऊन पत्रा घासायला तिनेच शिकवलं, तो धंद्यात उभा राहीपर्यंत स्वतःचं लग्न चार वर्षं लांबवलं. आता वडिलांच्याच जागेत त्याचं मोठं वर्कशॉप होतं आणि वरच्या मजल्यावर तो, त्याची बायको आणि सात वर्षांची मुलगी चिमी राहत. चिमीच्या खोलीची खिडकी खालच्या आवारावर उघडायची. आवारात दिवसभर पिकअपची इंजिनं चालू असायची.

आठवड्यातून एकदा ताई आणि तिचा नवरा तिकडे जेवायला जात. भाऊ तिच्या कामाची बारकाईने चौकशी करी. ताई, तू आरसा कुठल्या बाजूने घालतेस, खालची जोडणी दिसते का, नळी उघडून बघायची सोय आहे का. कौतुकाने विचारतोय, असं तिला वाटे. ती सगळं सांगे.

चिमीला दमा जडला तो याच दिवसांत. एका दुपारी शाळेतून आल्यावर खिडकीशी चित्र काढत बसली होती, तिथेच तिचा श्वास अडकला. ओठ निळे पडले. भावजयीने तिला उचलून दवाखान्यात नेलं, ताई केंद्रातून तशीच धावली. दोन दिवसांनी पोर बरी झाली, तेव्हा डॉक्टरबाईंनी सगळ्यांना बसवून घराबद्दल विचारलं. खाली डिझेलच्या गाड्या असतात हे कळल्यावर त्या थांबल्या. जुन्या किंवा छेडछाड केलेल्या गाड्यांमधून निघणारा वायू अशा मुलांच्या श्वासनळ्या सुजवतो, त्या म्हणाल्या.

उत्तर ताईनेच दिलं. “त्या गाड्या मी स्वतः तपासते, डॉक्टर. एकीचीही झडप काढलेली नाही. हवेचा दोष नाही, माझी खात्री आहे.”

शेजारी भाऊ बसला होता. त्याने होकारार्थी मान हलवली.

मग दोष घरात शोधला जाऊ लागला. भावजयीने कापसाच्या उशा फेकल्या, पडदे काढले, लेकीच्या कुशीत झोपणारी मांजर दूरच्या नातेवाइकांकडे सोडून आली. चिमी आठ दिवस मांजरीला हाका मारत होती. फोडणीचा ठसका नको म्हणून घरात उकडलेलं शिजू लागलं. तरी दर पंधरा-वीस दिवसांनी झटका येई. एकदा भाऊ सगळ्यांच्या देखत बायकोला म्हणाला, तुला घर झाडता येत नाही त्याला औषध काय करणार. त्यानंतर ती दिवसातून तीनदा फरशी पुसू लागली. तिच्या बोटांची सालं निघाली तेव्हा ताईने मलम आणून दिलं आणि होईल सगळं नीट म्हणून पाठीवर हात फिरवला. पण तिचीही नजर नकळत कोपऱ्यातल्या धुळीकडेच जात होती.

चार महिन्यांनी एका रविवारी ताई नवऱ्याबरोबर त्याच्या पिकअपमधून निघाली होती. तो फर्निचर पोचवण्याचं काम करी. कपाट उतरवून परतताना चढावर गाडी तापली. पाण्याच्या पाइपची पट्टी ढिली झाली होती. नवरा डबा घेऊन पाणी आणायला गेला आणि ताईने बॉनेट उघडून पट्टी आवळायला घेतली. हात आत घालताना मनगट ईजीआरच्या नळीला लागलं. तिने झटक्याने हात मागे ओढला. एवढ्या तापलेल्या इंजिनावर त्या नळीने कातडी सोलून निघायला हवी होती.

हात भाजला नव्हता.

तिने भीत भीत पंजा टेकवला. नळी कोमट होती. तिच्यातून काही वाहतच नव्हतं.

हत्यारांच्या पेटीतून तिने पाना काढला, फडकं गुंडाळून जोडणीचे दोन बोल्ट सैल केले. दोन तोंडांच्या मध्ये पोलादी पत्र्याचा एक तुकडा बसवलेला होता. बाहेरून झडप, नळी, तारा, सगळं जागच्या जागी, आतून वाट बंद. तिने तुकडा उन्हात धरला. कोपरे गोल केलेले होते आणि कडा तिरकी घासलेली होती, उघडणाऱ्याचा हात कापू नये म्हणून. अशी कड घासणारी गावात दोनच माणसं होती. एक ती स्वतः.

नवरा पाणी घेऊन आला आणि तिच्या हातात काय आहे ते बघून जागीच थांबला. तिने विचारायच्या आधीच त्याच्या चेहऱ्याने सांगून टाकलं. दोन वर्षं झाली, तो म्हणाला. तुझ्या भावाने आपणहून करून दिलं. सगळ्यांच्याच गाड्यांना असं आहे. तुला सांगितलं असतं तर तू रागावली असतीस, उगाच घरात कटकट.

“सगळ्यांच्या म्हणजे मी पास केलेल्या?”

“तुझ्याकडे येणाऱ्यांनाच असा पत्रा घालतो तो,” नवरा खाली बघत म्हणाला. “दुसऱ्या केंद्रांवर जाणाऱ्यांची झडप सरळ काढून टाकतो.”

उरलेल्या रस्त्यात तो तुकडा तिने मुठीत धरून ठेवला. जेवणाच्या ताटावर भावाने विचारलेला एकेक प्रश्न तिच्या डोक्यात फिरत होता. ज्याला ती आपलं कौतुक समजत होती, ते तिच्याच नजरेचं माप घेणं होतं.

वर्कशॉपच्या आवारात तीन गाड्या चालू होत्या. ताईने एकेका गाडीची चावी फिरवून ती बंद केली, तेव्हा भाऊ हात पुसत बाहेर आला. तिने पत्र्याचा तुकडा त्याच्यापुढे धरला. तो आधी हसला, मग समजावू लागला. धंदा आहे, मी नाही केलं तर पलीकडचा करील, लोकच मागतात. ती ऐकत राहिली तसा त्याचा आवाज चढला.

“उलट तुझी काळजी घेतली मी, ताई. तुला जे दिसतं ते सगळं जागेवर ठेवलं. उद्या कोणी बोट दाखवलं असतं तर तू सुटली असतीस.”

“चिमीच्या डॉक्टरांपुढे तू मान हलवलीस,” ताई म्हणाली. “मला खोटं बोलू दिलंस, आणि मला ते खरं वाटत होतं.”

तो काहीतरी म्हणणार होता. तेवढ्यात जिन्यावरून भावजय बोलली. ती केव्हापासून तिथे उभी होती कोणास ठाऊक. हातात ओलं फडकं होतं. आवाज अगदी साधा होता, जणू घरातली एखादी वस्तू कुठे ठेवली ते विचारत होती.

“तुम्हाला माहीत होतं. मग मला मांजर का सोडू दिली?”

तिने फडकं पायरीवर ठेवलं, वर जाऊन लेकीची औषधं आणि दप्तर भरलं आणि तासाभरात चिमीला घेऊन माहेरी निघून गेली. ताईने तिला थांबवलं नाही. पिशवी मात्र रिक्षापर्यंत तिने नेऊन दिली.

सोमवारी ताईने परिवहन कार्यालयाला पत्र लिहिलं. या वर्कशॉपमधून आलेल्या ज्या ज्या गाड्या मी पास केल्या त्या सर्व परत बोलवाव्यात, जोडणी उघडून तपासाव्यात, पहिली माझ्या नवऱ्याची. चूक माझ्या सहीची आहे, म्हणून चौकशी माझ्यापासून सुरू करावी. तिथल्या साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि तिला हळूच सुचवलं, की भावाला ताकीद देऊन भागेल, बारा वर्षांची नोकरी आहे. तिने पत्र परत घेतलं नाही. आठवड्यात ती निलंबित झाली आणि वर्कशॉपला टाळं लागलं.

गावाने निकाल लगेच दिला. सख्ख्या बहिणीने केसाने गळा कापला, असं भाऊ ज्याला त्याला सांगत फिरला आणि लोकांना ते पटलं. पूर्वी रांगेत उभे राहणारे ड्रायव्हर आता रस्त्यात तिला बघून तोंड फिरवू लागले. नवऱ्याने महिनाभर अबोला धरला, मग गाडीतला पत्रा काढून नवी झडप बसवून घेतली, पण तिच्याशी तो पूर्वीसारखा कधी बोलला नाही. तिलाही त्याच्या प्रत्येक साध्या वाक्यामागे काय झाकलंय ते चाचपायची सवय लागली. ती सवय तिला आवडत नव्हती.

चिमीचा दमा गेला नाही. झटके मात्र आजोळी कमी झाले, महिन्यातून एखादा. गाड्यांचं खरं सांगायला ताई दवाखान्यात गेली, तेव्हा डॉक्टरबाईंनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी सांगितलं, वर्कशॉपमागच्या गल्लीतली आणखी सात मुलं त्यांच्याकडे याच त्रासासाठी येतात. त्या घरांनाही त्यांनी हेच सांगितलं होतं, गाड्या तपासलेल्या आहेत, घरात शोधा. ताईच्या शब्दावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई त्या गल्लीत गेली. अंगावर निळा कोट नव्हता. पहिल्या दारात कडेवर मूल घेतलेली एक बाई उभी होती. तिच्यामागे ओली फरशी चकाकत होती, खिडक्यांना पडदे नव्हते. अंगणात एक पिकअप उभी होती.

ताईने आपण कोण ते सांगितलं. “मागच्या वर्कशॉपमधल्या गाड्या चांगल्या आहेत असं मी लिहून दिलं होतं. त्या चांगल्या नव्हत्या. तुमच्या घरात काही वाईट नव्हतं, हे सांगायला आले.”

त्या बाईचा हात दाराच्या कडीवर गेला. दार लावून घेईल असं ताईला वाटलं, आणि लावलं असतं तरी तिची तक्रार नव्हती. आतून नवऱ्याचा आवाज आला, कोण आहे म्हणून. बाईने मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं, अंगणात उतरली आणि पिकअपच्या बॉनेटवर हात ठेवला.

“ही आमचीच आहे,” ती हळू म्हणाली. “हिच्यात कुठे बघायचं, ते मला दाखवा.”