यादीतला उठाव

ताईचा फोन आला तेव्हा तो देखरेख कक्षातल्या आपल्या खुर्चीत बसून कोणा अनोळखी आजोबांचा निरोप वाचत होता. घरात मुंग्यांनी बंड पुकारले आहे, असे आजोबांनी नातीला कळवले होते. 'बंड' या शब्दापाशी यंत्राने निरोप अडवला होता, आणि मुंग्यांपासून राज्याला धोका नाही याची खातरजमा करून तो पुढे सोडणे हे त्याचे काम होते. असे दोनशे निरोप तो रोज हातावेगळे करी. भाषेची पदवी घेऊन इथे आलेला तो एकटाच, म्हणून सगळे त्याला कोश म्हणत. चिडवायचे असले की कोशराव.

ताईने इकडचे तिकडचे काही विचारले नाही. तिच्या कारखान्याचे इंटरनेट सोमवार सकाळपासून बंद होते.

कारखाना म्हणजे घरामागची एक लांबट खोली, राळेने भरलेली दोन पात्रे, भिंतीवर ओळीने टांगलेल्या छिन्न्या, आणि ताई. राळेवर तांब्याचा पत्रा ठेवून ती मागच्या बाजूने ठोकत जाई. मग पुढच्या बाजूला पानेफुले, पाखरे अंग फुगवून वर येत; यालाच ती उठाव म्हणे. यंत्रावर तांब्याचे नक्षीदार पत्रे छापणाऱ्या कंपनीतली नोकरी सोडून तिला वर्ष झाले होते. आता दुसऱ्या शहरातल्या एका नव्या ग्रंथालयाला बारा पत्रे हवे होते. हे काम मिळाले तर ती स्वतःच्या हातांवर जगू शकणार होती. नाहीतर पुन्हा त्या कंपनीत जाऊन दुसऱ्यांचा माल खोक्यांत भरायचा. नमुन्याची छायाचित्रे गुरुवारपर्यंत पोहोचायला हवी होती, आणि ग्रंथालयाचे लोक ती इंटरनेटवरूनच घेत, तीही कारागिराच्या नोंदणीकृत जोडणीवरूनच.

तिने रविवारी त्यांना लिहिले होते : नमुन्यात उठाव चांगला आला आहे, गुरुवारपर्यंत सगळे तयार ठेवते.

यंत्राला तांबे ठाऊक नव्हते. त्याला उठाव दिसला, तयारी दिसली आणि वारही दिसला, आणि हे सगळे एकत्र दिसले की ते निरोपाबरोबर इंटरनेटही तोडत असे. ताईने मग शेजारच्या शिंपीणबाईंच्या फोनवरून तेच वाक्य पुन्हा पाठवले, आणि तासाभरात शिंपीणबाईंचेही इंटरनेट बंद झाले. दोघींनाही कारण म्हणून तोच एक शब्द कळवला गेला.

"तुमचा हा शब्द संसर्गजन्य आहे का रे?" ताईने विचारले. "त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्यात."

बघतो, एवढेच तो म्हणाला. जे सांगायला हवे होते ते जिभेच्या टोकापर्यंत आले आणि तिथेच बसून राहिले. तीन आठवड्यांपूर्वी कक्षप्रमुख मॅडमनी 'बंड'च्या जोडीला आणखी शब्द मागितले होते. बैठकीत त्याला कधी कोणी काही विचारत नसे. त्या दुपारी त्याने अकरा शब्द काढून दिले, त्यांच्या सगळ्या विभक्तिरूपांसकट : उठाव, उठावाचा, उठावात, उठावाने. मॅडम म्हणाल्या होत्या, कोश, सोनं आहेस. तो त्या संध्याकाळी पायी घरी गेला होता, झाडांकडे बघत, कारण नसताना हसत.

आता तो उठून मॅडमकडे गेला. नातेवाइकाचा निरोप वाचणाऱ्याने स्वतः सोडायचा नाही, सहकाऱ्याकडूनही सोडवून घ्यायचा नाही, असा नियम होता. म्हणून शब्दच यादीतून काढावा, अशी विनंती त्याने केली. मॅडमनी सगळे ऐकून घेतले. त्या कठोर नव्हत्या. कठोर असत्या तर त्याला सोपे गेले असते.

"गेल्या पावसाळ्यात धरण फुटल्याचा खोटा निरोप सात मिनिटांत शहरभर गेला होता," त्या म्हणाल्या. "ते खोटं आहे हे सांगायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली. पुलावर जी माणसं चेंगरली ती त्या मधल्या तेहतीस मिनिटांत. त्यांचं मी काय करू, तू सांग."

'धरण' हा शब्द तेव्हाही कोणत्या यादीत नव्हता, आणि असता तर धरणावरच्या माणसाला खरा इशाराही देता आला नसता, हे त्याला जिन्यात सुचले. वर परत जाण्याचे धैर्य काही झाले नाही. लेखी दे, असे त्या म्हणाल्या होत्या, तेवढे धरून तो जागेवर आला.

कागदी अर्ज केव्हाच बंद झाले होते. त्याने संगणकावर नेटका, सभ्य अर्ज लिहून पाठवला आणि मंगळवारभर वाट पाहिली. बुधवारी सकाळी अडकलेल्या निरोपांचा पहिला गठ्ठा उघडला, तर सर्वांत वर त्याचाच अर्ज होता. त्यात तो शब्द नऊ वेळा आला होता. स्वतःचा निरोप सोडण्याचीही त्याला मुभा नव्हती. शेजारच्या टेबलावरचा सहकारी वाकून बघत म्हणाला, "कोशराव, तुम्ही तर फारच भडकलेले दिसता." आणि मनापासून हसला. कोशालाही हसू आले.

मग त्याने तो शब्द न वापरता त्या शब्दाची बाजू मांडायला घेतली. दुपारचे जेवण राहिले. पहिला अर्थ : पत्रा मागून ठोकला असता चित्राचे पुढे उमटून येणे. तसेच, बाजारात एखाद्या मालाला असलेली मागणी. रंगसंगतीमुळे एखादी गोष्ट डोळ्यांत भरणे. लिहिता लिहिता त्याला त्या शब्दाविषयी माया वाटू लागली. एकाच शब्दात कारागीर, दुकानदार, चित्रकार आणि बंडखोर इतकी वर्षे शेजाऱ्यांसारखे राहत आले होते, आणि एका दुपारी त्याने तिघांना चौथ्याच्या नावावर घराबाहेर काढले होते. अर्ज या वेळी अडकला नाही.

गुरुवारी दुपारी उत्तर आले. 'आपण निदर्शनास आणून दिलेला "मागणी" हा शब्द यादीत समाविष्ट करण्यात येत आहे. मूळ शब्दाबाबत, तो शब्द स्पष्टपणे नमूद करून, नव्याने अर्ज करावा.' खाली शिफारस करणाऱ्याचे नाव म्हणून त्याचेच नाव होते. त्याने ते तीनदा वाचले. रागावायचे तर कोणावर, हेच कळेना. मॅडमवर, यंत्रावर, की त्या नीटस अक्षरांतल्या स्वतःच्या नावावर.

तो सुटीच्या वेळेआधीच निघाला आणि थेट ताईकडे गेला. ताई खोलीत उभी होती, हातात हातोडी नव्हती. तिने दुपारी ग्रंथालयाला फोन केला होता. तिथल्या बाई चांगल्या बोलल्या, हळहळल्याही, पण छायाचित्रे न पाहता निर्णय घेता येत नाही म्हणाल्या. काम तिच्या जुन्याच कंपनीला गेले होते. ताई हे भाजी काय आणली ते सांगावे तशा आवाजात सांगत होती, आणि नमुन्याच्या पत्र्यावरच्या पाखराच्या पंखावरून अंगठा फिरवत होती.

"ताई, तो शब्द मी दिला होता," तो म्हणाला. "यादीत. मीच."

तिचा अंगठा थांबला. त्याला वाटले, आता बोलेल, चार शिव्या देईल, तर बरे होईल.

"एकच दिला होतास?"

"अकरा."

"बाकीचे दहा कोणते?"

त्याने मान खाली घालून एकेक शब्द सांगायला सुरुवात केली. भडका, उद्रेक, चढाई. 'ठिणगी' म्हणताच तिने हात वर करून त्याला थांबवले आणि खिडकीतून रस्त्याच्या कोपऱ्याकडे पाहिले. तिथल्या वेल्डरकडून पंधरा दिवस कोणाच्याही निरोपाला उत्तर आले नव्हते. तो कामाला आळसावला आहे म्हणून गल्लीने त्याला बोलावणेच सोडून दिले होते, आणि त्यात ताईही होती.

"कागद घे," ती म्हणाली. "एका खाली एक लिही. नंतर हे शब्द ज्यांच्या धंद्यात आहेत त्या प्रत्येकाच्या दारी मी आणि तू सांगायला जाऊ. आधी शिंपीणबाईंकडे."

त्याने खिशातले पेन काढले. सवयीने प्रत्येक शब्दापुढे तो विभक्तीची रूपेही लिहू लागला, आणि ते लक्षात आल्यावर खोडू लागला. ताई चपला घालून दारात उभी राहिली.